कागद-पेन्सिलीने सतरा अंकी संख्या उलगडायची कशी

१२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि नवावरून परत एकावर उतरणारी ही सतरा अंकी संख्या या लेखात आपल्याला पूर्ण उलगडायची आहे. तिला कशाकशाने भाग जातो, ती वर्गसंख्या आहे का, तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, दोन वर्गांच्या बेरजेत ती मांडता येते का, हे सगळं आपण हाताने काढू. सातवी-आठवीपर्यंतचं अंकगणित येत असेल तर पुरे. जिथे त्याहून थोडं जास्त लागेल तिथे ते समजावून सांगतो.

ही संख्या मुद्दाम निवडली आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) डहाणूचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण संख्यांचे आणखी बरेच प्रकार त्यांनी शोधले. त्यातलाच एक डेम्लो संख्यांचा. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली; या संख्यांचा विचार तिथे सुचला म्हणून हे नाव. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी जी रांग आहे तिला ते ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत. आपली संख्या या रांगेतली नववी, आणि ही चढ-उताराची नक्षी शाबूत असलेली शेवटची.

सामान फार नाही. गणिताची चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर. कॅल्क्युलेटर सध्या बाजूला ठेवा. तो का ठेवायचा हे शेवटाकडे कळेल, आणि ते कारण शिस्तीचं नाही, गणिताचं आहे.

पहिली पायरी: संख्या नीट उतरवा आणि मोठ्याने वाचा

मोठ्या संख्येच्या कामात निम्म्या चुका उतरवून घेतानाच होतात. एका चौकटीत एक अंक लिहा, मग अंक मोजा. सतरा भरले पाहिजेत. त्यानंतर उजवीकडून आधी तीन अंक आणि मग दोन-दोन अंक सोडून स्वल्पविराम द्या:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

वाचायची कशी? कोटीच्या वर गेलं की आपली जीभ अडखळते. सोपा मार्ग म्हणजे शेवटचे सात अंक वेगळे करायचे आणि उरलेली संख्या ‘इतके कोटी’ म्हणून वाचायची. म्हणजे ही झाली १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटी दोनदा आलं तरी बिघडत नाही, अर्थ नेमका आहे.

दुसरा मार्ग जुना, आणि मला फार आवडतो. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावं दिली आहेत. कोटी आणि दशकोटीच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानावर पडतो. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी आणि तिथून उतरण. एवढी नावं वापरूनही परार्धाचं घर रिकामंच राहतं.

दुसरी पायरी: टोकाचा अंक आणि अंकांची बेरीज

शेवटचा अंक १. म्हणजे संख्या विषम आहे आणि २ किंवा ५ ने भाग जाणार नाही. शिवाय वर्गसंख्येच्या शेवटी ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच अंक येतो. १ त्यात बसतो. विषम वर्गसंख्येला ८ ने भागलं तर बाकी नेहमी १ उरते; शेवटचे तीन अंक ३२१, आणि ३२१ = ८ × ४० + १. ही कसोटीही पार. वर्गसंख्या असण्याला अजून हरकत नाही, इतकंच यातून कळतं. चाळणीतून खाली पडली नाही म्हणजे ती वर्ग आहेच असं मात्र नाही.

आता अंकांची बेरीज. १ ते ९ ची ४५, आणि ८ ते १ ची ३६. एकूण ८१. त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे संख्येलाही ९ ने निःशेष भाग जातो.

इथे नवशिक्या माणसाला मोह होतो की बेरीज ८१ आली म्हणजे संख्येला ८१ ने भाग जाणारच. थांबा. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. १८९९ घ्या. अंकांची बेरीज २७, पण १८९९ ला २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. कारण साधं आहे. १०, १००, १००० यांतून प्रत्येकी १ वजा केला की ९, ९९, ९९९ उरतात. या सगळ्यांना ९ ने भाग जातो, २७ ने सगळ्यांना जात नाही. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो का, हा प्रश्न म्हणून उघडाच ठेवू. वहीच्या समासात ‘८१?’ असं लिहून ठेवा.

तिसरी पायरी: तीन-तीन अंकांचे गट

सात, अकरा, तेरा आणि सदतीस या चौघांचा निकाल एकाच मांडणीत लावता येतो, तरी ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत नसते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा:

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

आधी सगळे गट मिळवा. ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. आता १००० ला ९९९ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून गटांच्या बेरजेला ९९९ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. २९९७ म्हणजे ९९९ ची तिप्पट. आणि ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत दोन गोष्टी हाती आल्या: संख्येला २७ ने भाग जातो आणि ३७ नेही जातो. समासातल्या ‘८१?’ ला थोडं बळ मिळालं.

मग हेच गट उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करा. ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. हजाराला १००१ ने भागलं तर एक कमी पडतो, म्हणून दर गटाला चिन्ह बदलतं; आणि १००१ = ७ × ११ × १३. तेव्हा मूळ संख्येच्या ऐवजी फक्त ३०९ ला भागा:

३०९ ÷ ७, बाकी १
३०९ ÷ ११, बाकी १
३०९ ÷ १३, बाकी १०

तिन्हींनी भाग जात नाही. पण बाक्या पुसून टाकू नका, पानाच्या वर चौकटीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक उत्तराचा पडताळा यांच्यावरच घ्यायचा आहे. जुन्या शिक्षकांनी शिकवलेला नवाचा ताळा इथे कमी पडतो, कारण त्याला अंकांची अदलाबदल दिसत नाही. ५४ च्या जागी ४५ लिहिलं तरी बेरीज तीच राहते. अकराच्या ताळ्यात मात्र शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की चूक हमखास पकडली जाते.

चौथी पायरी: वर्गमूळ काढा

नऊ, सत्तावीस, सदतीस यांनी भागत सुटण्याआधी वर्गमूळ काढून पाहा. संख्या वर्ग निघाली तर सतरा अंकांचं काम नऊ अंकांवर येतं. मोठ्या संख्येसमोर बसताना ही सवय मोलाची आहे: आधी रचना शोधायची, मग भागाकार करायचे.

शाळेतली भागाकार पद्धत आठवा. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या:

१ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१

नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. पहिल्या गटातून १ चा वर्ग वजा केला, बाकी शून्य. पुढची जोडी २३ खाली घ्या. आतापर्यंतच्या वर्गमूळाची दुप्पट २, तिच्यापुढे एक अंक लिहून त्याच अंकाने गुणायचं. २१ × १ = २१ बसतं, २२ × २ = ४४ बसत नाही. म्हणून १. बाकी २. पुढची जोडी घेतली की २४५, वर्गमूळ झालं ११, दुप्पट २२, त्यापुढे १, म्हणजे २२१. असंच पुढे:

२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

शेवटची वजाबाकी स्वतः करून बघा. वरची आणि खालची रांग अंकाला अंक जुळते आणि बाकी शून्य येते. दर वेळी वर्गमूळात १ च आला, तेव्हा

१२३४५६७८९८७६५४३२१ = १११११११११ × १११११११११.

ताळा घ्या. १११११११११ चे गट १११, १११, १११. एकाआड एक अधिक-उणे केले की १११. त्याला ७ ने भागून बाकी ६, ११ ने १, १३ ने ७. यांचे वर्ग ३६, १, ४९. पुन्हा भागा: ३६ ला ७ ने बाकी १, १ ला ११ ने बाकी १, ४९ ला १३ ने बाकी १०. पानाच्या वरच्या चौकटीतल्या बाक्या याच आहेत.

नक्षी का तयार होते ते कळायला हा गुणाकार एकदा उभा मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एकं, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मग तीन, मधल्या रकान्यात पूर्ण नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी. कुठेही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा पुढे जातो, तिथल्या ९ चे १० होतात, पुन्हा हातचा, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मधोमध मोडली. ‘नववी संख्या शेवटची’ असं वर म्हटलं ते याच कारणाने.

पाचवी पायरी: मूळ अवयव

आता काम फक्त १११११११११ चं. तीन-तीनच्या गटांत पाहिलं की तो १११ आहे, तीनदा लिहिलेला. म्हणून

१११११११११ = १११ × १००१००१.

१११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. एकत्र मांडू:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

तीन आणि सदतीस मूळ आहेत हे माहीतच आहे. प्रश्न ३३३६६७ चा. तो मूळ आहे की अजून फुटतो? साध्या पद्धतीत त्याच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ५७७ पर्यंत जावं लागेल, आणि तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. चिकाटी असेल तर करता येतं, पण थोडा विचार केला तर हे काम १६ भागाकारांवर येतं. हा विचार सावकाश वाचा, कारण एकांच्या कोणत्याही माळेला तो उपयोगी पडतो.

समजा एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. तिला आपण ‘प’ म्हणू. ३३३६६७ × ३ = १००१००१ आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. तेव्हा प ने नऊ नवांच्या संख्येलाही भाग जातो. याचा दुसरा अर्थ असा की १ ला प ने भागत गेलं तर दशांशचिन्हापुढचे अंक नऊ-नऊच्या टप्प्याने पुन्हा येतात. खरा आवर्ती गट कदाचित याहून लहान असेल, पण त्याची लांबी ९ ची विभाजक असणार: १, ३ किंवा ९. लांबी १ किंवा ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे प हा ३ किंवा ३७. ३३३६६७ ला ३ ने भाग जात नाही (अंकांची बेरीज २८) आणि ३७ ने भागून बाकी १ उरते. दोघेही बाद. राहिली लांबी ९.

आता फर्माचा छोटा सिद्धांत मदतीला येतो. २ आणि ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येने १ ला भागलं तर आवर्ती गटाच्या लांबीने, त्या मूळ संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला भाग जातो. ७ साठी लांबी ६, आणि ७ − १ = ६. ११ साठी लांबी २, आणि १० ला २ ने भाग जातो. १३ साठी ६, आणि १२ ला ६ ने भाग जातो. आपल्याकडे लांबी ९, तेव्हा प − १ ला ९ ने भाग गेला पाहिजे. प विषम आहे म्हणून प − १ सम, म्हणजे १८ ने भाग गेला पाहिजे. १८ च्या पाढ्यात एक मिळवत जा आणि त्यातल्या मूळ संख्या ठेवा. ५७७ पर्यंत, ३७ वगळून, उरतात या:

१९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

सोळा भागाकार. करा, कंटाळा करू नका. पहिल्याची बाकी ८ यायला हवी (१९ × १७५६१ = ३३३६५९), १६३ ची ६. ५२३ पाशी जरा जपून: ५२३ × ६३८ = ३३३६७४, फक्त ७ ने जास्त, त्यामुळे घाईत भाग गेल्यासारखा वाटतो. शेवटच्या ५७७ ची बाकी १६१. एकानेही निःशेष भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

आपल्या संख्येत हे सगळे अवयव दुप्पट वेळा येतात. ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. चार ३ म्हणजे ८१. समासातलं प्रश्नचिन्ह आता खोडून टाका.

आणि इथे पुन्हा कापरेकर भेटतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. या आठ अंकी संख्येत ८ गायब आहे हे लक्षात आलं का? १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… तिथेही हाच आठ गायब असतो, आणि कारण पुन्हा हातचा. नवानंतर दहा येतो, त्याचा हातचा ९ ला १० करतो, त्याचा हातचा ८ ला ९ करतो.

सहावी पायरी: विभाजक मोजा

ही पायरी लहान आहे. विभाजक तयार करताना ३ घ्यायचे शून्य ते चार, म्हणजे पाच पर्याय. ३७ चे तीन पर्याय, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. एकूण पंचेचाळीस विभाजक, १ आणि ती संख्या स्वतः धरून. हा आकडा विषम आहे तोही बरोबरच: विभाजक जोडीने येतात, फक्त १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते. कोणत्याही वर्गसंख्येत असंच होतं.

सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येच्या साधारण १.५४ पट येते. संख्या स्वतः वगळली तर उरलेले विभाजक मिळून तिच्या निम्म्याहून थोडे जास्त भरतात. ६ किंवा २८ सारख्या परिपूर्ण संख्येत ती बेरीज संख्येइतकीच असते. आपली संख्या त्यामानाने न्यून. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती नसतेच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

सातवी पायरी: दोन वर्गांची बेरीज

माझ्या मते या संख्येतलं सगळ्यात देखणं काही असेल तर ते इथे आहे.

प्रत्येक मूळ अवयवाला ४ ने भागून बाकी बघा. ३ ची बाकी ३. ३३३६६७ ची बाकीही ३ (६७ ला ४ ने भागा). ३७ ची बाकी १. ज्या मूळ संख्येची बाकी १ येते ती दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, बाकी ३ वाली येत नाही. ३७ = ६ × ६ + १ × १. आता ६ आणि १ वरून पायथागोरसचं त्रिकूट बनवायची जुनी रीत: वर्गांची वजाबाकी ३६ − १ = ३५, गुणाकाराची दुप्पट २ × ६ × १ = १२, वर्गांची बेरीज ३७. म्हणजे १२, ३५, ३७. पडताळा: १४४ + १२२५ = १३६९, आणि ३७ चा वर्ग १३६९.

आता १११११११११ = ३७ × ३००३००३. त्रिकूटातल्या तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणा:

१२ × ३००३००३ = ३६०३६०३६
३५ × ३००३००३ = १०५१०५१०५
३७ × ३००३००३ = १११११११११

म्हणजे ३६०३६०३६ चा वर्ग आणि १०५१०५१०५ चा वर्ग मिळवला की १२३४५६७८९८७६५४३२१. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण नऊ एकांचा आहे, त्याच्या काटकोनाच्या बाजू ३६-०३६-०३६ आणि १०५-१०५-१०५. अवयवांत बाकी १ वाली मूळ संख्या ३७ एकटीच असल्यामुळे असा त्रिकोणही एकच आहे, दुसरा मिळणार नाही.

एवढ्या मोठ्या वर्गांची बेरीज हाताने करायला नको, ताळा घ्या. ३६०३६०३६ चे गट अधिक-उणे केले की ३६, १०५१०५१०५ चे १०५. सातने बाक्या १ आणि ०, वर्गांची बेरीज १. अकराने ३ आणि ६, वर्ग ९ आणि ३६, बेरीज ४५, बाकी १. तेराने १० आणि १, वर्ग १०० आणि १, बेरीज १०१, बाकी १०. पुन्हा १, १, १०.

यंत्राकडे आता वळा

आता ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाका. वरच्या सूत्रपट्टीत दिसेल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन अंक गेले, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता ठेवतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला नेहमीच्या पद्धतीने दिली तर ती १२३४५६७८९८७६५४३२० करून ठेवते. असं होतं कारण या पद्धतीत ५३ द्विमान (म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) अंकांपुरतीच जागा असते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या वरची एकही विषम संख्या त्या जागेत मावत नाही. आपली संख्या त्याहून मोठी आणि विषम आहे, म्हणून यंत्र तिला गुपचूप शेजारची सम संख्या करतं. मग त्याला विचारलं, दोनाने भाग जातो का, तर ते हो म्हणेल.

कागदावर काढून झाल्यावर पडताळ्यासाठी पायथॉन ही संगणकभाषा वापरा. त्यात पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, जितके अंक द्याल तितके तो अचूक ठेवतो. मात्र भागाकार करताना पूर्णांकी भागाकाराचं चिन्ह, म्हणजे दोन तिरप्या रेघा वापरा. एक रेघ वापरली की उत्तर दशांशात जातं आणि वरचाच घोटाळा परत येतो. एक्सेलच वापरायचा असेल तर चौकट आधी मजकूर प्रकाराची करा. तेवढ्याने संख्या निदान दिसायला तरी शाबूत राहील, आकडेमोड मात्र होणार नाही.

सरावाला दुसरी संख्या

सात पायऱ्या झाल्या की लगेच दुसरी संख्या घ्या, नाहीतर हात बसत नाही. मी सुचवीन १२३४५६७६५४३२१. हिचं वर्गमूळ म्हणजे सात एकांची माळ: १११११११. इथे १११ चे गट पडत नाहीत, म्हणून पाचव्या पायरीतला विचारच कामाला येतो. सात ही मूळ संख्या, तेव्हा आवर्ती गटाची लांबी ७, आणि अवयव १४ च्या पाढ्यात एक मिळवून येणारे: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. शेवटच्याने भाग जातो, १११११११ = २३९ × ४६४९. आता ४६४९ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ६८ च्या थोडं पुढे, आणि यादीत त्याच्या आत फक्त २९ आणि ४३. दोनच भागाकार, दोन्हींना बाकी उरते (९ आणि ५).

विभाजक ३ × ३ = ९. अंकांची बेरीज ४९, पण अवयवांत ७ नाही, म्हणून ही संख्या हर्षद नाही. ४ ने भागून २३९ ची बाकी ३ आणि ४६४९ ची १. तेव्हा त्रिकोण हिच्यातही आहे. ४६४९ = ६८ × ६८ + ५ × ५ एवढं सांगतो; त्रिकूट काढून २३९ ने गुणायचं काम तुमचं. उत्तरात काटकोनाच्या बाजू १६२५२० आणि १०९९१६१ आल्या पाहिजेत, कर्ण १११११११.